इंधनाचा काटा अर्ध्यावर अडकतो आणि सर्व्हिस सेंटर म्हणते, 'दोष आढळला नाही'

रानवाटा

माझ्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवरील इंधनाच्या काट्यावर आता विसंबता येत नाही, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून त्यावर टिकाऊ उपाय मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. गाडी तीन वर्षांच्या वॉरंटीत आहे, पण ती मुदत संपत आली आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चर्चा कोणती कंपनी चांगली याकडे वळते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

दोष असा आहे. टाकी पूर्ण भरल्यावर काटा व्यवस्थित वर जातो आणि अर्ध्यापर्यंत नेहमीच्या गतीने खाली येतो. त्यानंतर मात्र तो कधी कधी तिथेच थांबतो. गाडी बरीच चालली तरी अर्धी टाकी दिसत राहते, 'उरलेले अंतर' दाखवणारा आकडाही त्याच हिशेबाने फुगलेला असतो, आणि मग एखाद्या खड्ड्यात चाक आदळले की काटा झपकन खाली येऊन रिझर्व्हचा दिवा लागतो. प्रत्येक टाकीला असे होत नाही, हीच खरी अडचण आहे. एकदा 37 लिटरच्या टाकीत 34 लिटर पेट्रोल मावले, आणि पंपावर शिरताना काटा अर्ध्यावरच होता.

पुण्याहून गुहागरला जाताना उंब्रज सोडल्यावर पाटणला पंप लागतो. काटा अर्ध्यावर असल्यामुळे आम्ही तिथे थांबलो नाही आणि कोयनानगरच्या पुढे गाडी बंद पडली. मागे सत्तरी ओलांडलेली आई, मोबाईलला रेंज नाही, आणि कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी अवजड वाहनांची ये-जा सुरू. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने मदत केली म्हणून निभावले.

सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, 'तपासले, दोष आढळला नाही' असे लिहिले. पुन्हा नेल्यावर टाकीतील फ्लोट युनिट, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग, बदलले. काही आठवडे बरे गेले आणि दोष परत आला. त्यानंतर सॉफ्टवेअर अद्ययावत केले, फरक पडला नाही. आता ते म्हणतात की पूर्ण मीटर, म्हणजे काटे आणि दिवे असलेले अख्खे क्लस्टर, बदलावे लागेल. पण दोष त्यांच्यासमोर दिसल्याशिवाय कंपनी मंजुरी देणार नाही. जो दोष मधूनच येतो तो त्यांच्या आवारात नेमका कसा दाखवायचा, आणि वॉरंटी संपण्याआधी मी काय काय करून ठेवावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

तारयंत्र

रानवाटा, मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आयुष्य काढलेला निवृत्त अभियंता आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या वर्णनातला 'खड्ड्यात आदळल्यावर काटा खाली येतो' हा तपशील फार महत्त्वाचा आहे. सर्व्हिस सेंटरने तो जॉब कार्डवर लिहून घेतला आहे का, हे आधी पाहा.

बहुतेक गाड्यांत टाकीतील पेट्रोलपंपाच्या युनिटलाच एक फ्लोट जोडलेला असतो. पातळीबरोबर त्याची दांडी खालीवर होते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क एका रोधपट्टीवरून सरकतो. त्या पट्टीचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, किती ओहम आहे, एवढीच माहिती तारेतून मीटरकडे जाते. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे असते. जुन्या काही अमेरिकन गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम असे, तर दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत रिकाम्याला 240 आणि भरलेल्याला 33 ओहम असतात. त्यामुळे तार तुटल्यावर एका गाडीचा काटा 'फुल' दाखवतो आणि दुसरीचा 'रिकामी'. कंपनीचा तक्ता हाती असल्याशिवाय नुसत्या काट्यावरून निदान करणे धोक्याचे आहे.

मीटर हा संकेत जसाच्या तसा दाखवत नाही. टाकीत पेट्रोल हिंदकळत असते, घाटात ते एका बाजूला जाते, म्हणून मीटरमधील प्रोग्राम बऱ्याच वेळच्या नोंदींची सरासरी काढून काटा सावकाश हलवतो. म्हणूनच इंजिन चालू ठेवून थोडेसे पेट्रोल भरले तर बऱ्याच गाड्यांत काटा लगेच वर येत नाही. तुमचा काटा मात्र अर्ध्यावर दीर्घकाळ स्थिर राहतो आणि आदळल्यावर सुटतो. हे सरासरीने होत नाही.

मग उरतात तीन जागा. पहिली म्हणजे मीटरमधील काटा फिरवणारी छोटी स्टेपर मोटर. ती अडकत असती तर गाडी बंद करून चालू केल्यावर काटा बहुधा चुकीच्या जागी विसावला असता, आणि 'उरलेले अंतर' तरी बरोबर दिसले असते, कारण तो आकडा मोटरवर अवलंबून नसतो. तुमच्याकडे दोन्ही एकत्र चुकतात. म्हणजे मीटरला मिळणारा संकेतच चुकीचा आहे आणि मीटर बदलून काही साधणार नाही. दुसरी जागा म्हणजे कपलर (तारा जोडणारा प्लग) आणि अर्थिंग. तिथे लूज कॉन्टॅक्ट असेल तर काटा सहसा उड्या मारतो, एका जागी शांत बसत नाही. तिसरी जागा म्हणजे फ्लोटची दांडी टाकीच्या आतल्या भिंतीला किंवा पेट्रोल हिंदकळू नये म्हणून बसवलेल्या आडव्या पत्र्याला घासून अडकणे. माझा संशय यावरच आहे. अशा वेळी युनिट बाहेर काढून हाताने दांडी फिरवली की रोध अगदी सुरळीत बदलतो आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे लिहितो की दोष आढळला नाही. दोष टाकीच्या आतच असतो आणि युनिट बाहेर काढले की तो नाहीसा होतो.

हे सिद्ध करायला फार खर्च नाही. काटा अर्ध्यावर अडकलेला असताना गाडी सपाट जागी उभी करा आणि माहितीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मागच्या सीटखालील झाकण उघडून कपलर सोडवा. फ्लोटच्या दोन पिनांमधील रोध मल्टिमीटरवर मोजा. नंतर गाडी मागून हाताने जोरात हलवा आणि पुन्हा मोजा. पेट्रोल तेवढेच असताना, ते शांत झाल्यावरही रोध लक्षणीय बदललेला असेल, तर दांडी अडकत होती हे उघड झाले. वॉरंटीतील गाडीचे कपलर बाहेरच्या माणसाने सोडवल्याचा मुद्दा कंपनी उपस्थित करू शकते, म्हणून शक्य असेल तर हीच चाचणी सर्व्हिस सेंटरमध्ये, तुमच्या समोर करून घ्या. पेट्रोलच्या वाफा असतात, तेव्हा बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा ठिणगी उडेल अशा जागी हे काम करू देऊ नका.

कपलर न सोडवता आणखी एक पुरावा मिळू शकतो. गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्यासाठी ओबीडी पोर्ट नावाचे सॉकेट असते, त्याला लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल मिळतो. इंधनपातळीसाठी 2एफ हा ठरलेला संकेतांक आहे. तुमच्या गाडीत तो उपलब्ध असेल तर टाकीत किती टक्के इंधन आहे असे गाडीच्या संगणकाला वाटते, हे मोबाईलवर नोंदवता येते. काही गाड्या हा आकडा देत नाहीत, पण पाहायला हरकत नाही.

माळरान

पेट्रोल पंपावर कमी भरले जात असेल, किंवा 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे फ्लोट बिघडत असेल, ही शक्यता कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. सोलापूर भागात माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांची तक्रार आहे की काटा पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो.

तारयंत्र

माळरान, प्रश्न रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. काटा पातळी मोजतो, त्या इंधनात ऊर्जा किती आहे ते त्याला कळत नाही. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी कमी होते. जुन्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 मधील इथेनॉल आराखड्यातही दिला होता. तेवढ्या प्रमाणात काटा लवकर खाली येणे हा काट्याचा दोष नाही. रानवाटा यांचा काटा खाली येतच नाही, हे अगदी उलट लक्षण आहे.

इंधनामुळे काटे बिघडल्याचे उदाहरण मात्र इतिहासात आहे. मे 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुईझियाना भागांत शेल कंपनीच्या काही पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण वाढले आणि फ्लोटच्या रोधपट्टीवरील चांदीचे संपर्क काळवंडून अनेक गाड्यांचे काटे चुकू लागले. कंपनीने विक्री थांबवली आणि ग्राहकांचा दुरुस्तीचा खर्च दिला. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर आली, म्हणून इथे मी त्या दिशेने आधी पाहणार नाही.

पंपाची शंका असेल तर पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने तपासणी करून मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. त्यापेक्षा कमी भरले तर वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

हुरॉनकाठ

मी मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगात काम करतो. मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे कुंभार्लीचा रस्ता ओळखीचा आहे. मीटर चुकण्याच्या तक्रारी इकडे कशा हाताळल्या गेल्या ते सांगतो, कारण रानवाटा यांना पुढे पत्रव्यवहारात त्याचा उपयोग होईल.

सर्वांत गाजलेले प्रकरण जनरल मोटर्सचे होते. 2003 आणि त्यापुढील काही वर्षांच्या शेव्हरोले सिल्व्हराडो, टाहो यांसारख्या गाड्यांत मीटरमधील स्टेपर मोटर निकामी होत. वेगाचा काटा भलतीकडे थांबे, इंधनाचा काटा उलटा फिरे. सुरुवातीला प्रत्येक मालकाला आपलीच गाडी नशिबाने खराब निघाली असे वाटत होते. वॉशिंग्टन राज्यातील मालकांनी सामूहिक दावा केला, आणि कंपनीने काही मॉडेलांसाठी या भागाची हमी 7 वर्षे किंवा 70 हजार मैलांपर्यंत वाढवली. ज्यांची मुदत आधीच उलटली होती त्यांनी स्वतंत्र दुरुस्तीकारांकडून जुन्या मोटर काढून नव्या सोल्डर करून घेतल्या. तो इकडे कित्येक वर्षे चाललेला व्यवसाय आहे.

आता काट्यांच्या जागी डिजिटल पडदे (स्क्रीन) आले आणि बिघाडाचे रूप बदलले. ऑगस्ट 2025 मध्ये फोर्डने सुमारे 3 लाख 55 हजार ट्रक परत बोलावले, कारण गाडी सुरू करताना मीटरचा पडदा कोराच राहू शकत होता. पुढच्याच महिन्यात टोयोटाने अशाच कारणाने सुमारे 5 लाख 91 हजार गाड्या बोलावल्या. इशाऱ्याचे दिवे आणि वेग दिसलाच पाहिजे असा संघीय सुरक्षा नियम आहे, म्हणून हे घडते. फेब्रुवारी 2024 मध्ये टेस्लाने सुमारे 22 लाख गाड्यांत केवळ इशाऱ्याच्या दिव्यांच्या अक्षरांचा आकार नियमापेक्षा लहान होता म्हणून सॉफ्टवेअरने दुरुस्ती केली. ब्रेकचा दिवा वाचता आला नाही तर माणूस जखमी होऊ शकतो, हे एकदा मान्य केले की अक्षराचा आकारही सुरक्षेचा विषय ठरतो. इंधनाच्या काट्याला तेच मोजमाप लावले पाहिजे. महामार्गावर किंवा घाटात अचानक बंद पडलेली गाडी मागच्या ट्रकसाठी आणि आतल्या माणसांसाठी जीवघेणी ठरू शकते.

विश्वासार्हतेच्या क्रमवारीबद्दलही लिहितो, कारण हा विषय निघाला की लोक तिचाच आधार घेतात. जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या शंभर गाड्यांमागे मालकांच्या किती तक्रारी येतात ते मोजते. अमेरिकेत हा सरासरी आकडा 2023 मध्ये 186, 2024 मध्ये 190 आणि 2025 मध्ये 202 होता. तक्रारींचा मोठा वाटा पडदे, फोनची जोडणी आणि सॉफ्टवेअरचा आहे. या आकड्यांतून उद्योगाची दिशा कळते. ज्याची गाडी घाटात थांबली त्याला मात्र कंपनी त्या यादीत वर आहे की खाली, याचा काहीच उपयोग नसतो. तक्रार आल्यावर ती कंपनी काय करते, यावर मी तरी तिची पारख करतो.

जॉबकार्ड

मी काही वर्षे एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. ग्राहकांचा राग समजतो, पण आतली व्यवस्था कशी चालते हे कळले तर रानवाटा यांचे काम सोपे होईल.

वॉरंटीत बदललेला प्रत्येक भाग डीलरला जपून ठेवावा लागतो आणि कंपनी मागेल तेव्हा परत पाठवावा लागतो. तो भाग त्यांच्या चाचणीत ठीक निघाला तर डीलरचा दावा नामंजूर होऊ शकतो, म्हणजे भाग आणि मजुरी दोन्हीचा भुर्दंड डीलरवर पडतो. शिवाय प्रत्येक कामासाठी कंपनीने मजुरीचा वेळ ठरवून दिलेला असतो. मधूनच येणाऱ्या दोषाचा माग काढायला एखादा दिवस गेला तरी पैसे त्या ठरलेल्या वेळेचेच मिळतात. अशा रचनेत 'दोष आढळला नाही' हे तीन शब्द लिहिणे मेकॅनिकला सर्वांत सुरक्षित वाटते. तो आळशी किंवा लबाड असतो असे नाही. चांगल्या मेकॅनिकला शोध घेण्याचा मोबदलाच मिळत नाही, आणि हा दोष मी कंपन्यांच्या पदरात घालतो.

म्हणून जॉब कार्ड उघडताना 'काटा बरोबर दाखवत नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. काटा कुठे होता, टाकीत प्रत्यक्ष किती लिटर मावले, किलोमीटरची नोंद किती होती आणि गाडी रस्त्यात बंद पडली, हे सर्व तुमच्या शब्दांत लिहायला लावा, आणि सही करण्यापूर्वी छापील प्रत वाचा. 'चालत्या गाडीचे इंजिन थांबले' हे शब्द जॉब कार्डवर आले की ती तक्रार कंपनीकडे वेगळ्या गंभीरतेने पाहिली जाते, कारण त्यात सुरक्षेचा मुद्दा येतो. पेट्रोलची पावती त्याच प्रतीला जोडा. त्यानंतर कंपनीच्या विभागीय तांत्रिक अभियंत्याने गाडी पाहावी अशी लेखी मागणी करा. हे अभियंते ठरावीक दिवशी डीलरकडे येतात, आणि ठरलेल्या वाटेबाहेरच्या दुरुस्तीला मंजुरी देण्याचा अधिकार त्यांच्याकडेच असतो.

मीटर बदलण्याची वेळ आलीच तर जुन्या मीटरवरील किलोमीटरची नोंद आणि नव्या मीटरवर घातलेली नोंद जॉब कार्डवर लिहून घ्या. पुढे गाडी विकताना हा कागद नसेल तर किलोमीटर मागे फिरवल्याचा संशय विनाकारण तुमच्यावर येईल.

आंबेमोहोर

धागा इंधनाच्या काट्याचा आहे, पण तापमानाच्या काट्याविषयी विचारते, कारण प्रश्न त्याच जातीचा वाटतो. आमच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात लाल दिवा लागला तेव्हा बॉनेटमधून वाफ येऊ लागलेली होती. काटा असता तर तो चढताना आधीच दिसला असता ना?

तारयंत्र

आंबेमोहोर ताई, दुर्दैवाने तशी खात्री देता येत नाही. बऱ्याच गाड्यांत काटा असला तरी तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, म्हणजे कूलंटचे, तापमान साधारण 75 अंशांपासून 110 अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत काटा मध्यावरच राहतो आणि त्यापुढे एकदम वर जातो. काटा जरा हलला की लोक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठत, म्हणून कंपन्यांनी ही पद्धत स्वीकारली. मला ती मान्य नाही. सेन्सरला खरे तापमान ठाऊक असते, गाडीच्या संगणकालाही ठाऊक असते, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्यालाच ते सांगितले जात नाही. ओबीडी डोंगलवर 05 या संकेतांकाने कूलंटचे खरे तापमान अंशांत दिसते. घाटातून नेहमी जाणाऱ्यांनी ते जरूर लावावे. वाफ आलेल्या गाडीचे रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये, हे जाता जाता सांगतो.

नियमांतही सर्व काट्यांना सारखा न्याय नाही. वेगाच्या काट्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या 39 व्या नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये, आणि जास्तीत जास्त खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटर इतकाच पुढे असू शकतो. म्हणजे खरा वेग ताशी 80 असताना काटा 80 ते 92 या दरम्यानच असला पाहिजे. वेगाबाबत इतकी काटेकोर मर्यादा घालता येते, तर इंधनाच्या काट्याबाबत 'रिकामी टाकी कधीही भरलेली दाखवणार नाही' एवढा एक नियम घालणे अवघड नसावे.

तळटीप

मी ग्राहक आयोगात वकिली करते. रानवाटा यांच्या प्रश्नातील 'वॉरंटी संपण्याआधी काय करावे' या भागाचे उत्तर देते.

वॉरंटीच्या काळात नोंदवलेली आणि न सुटलेली तक्रार वॉरंटी संपल्यामुळे आपोआप मरत नाही. मात्र ती मुदतीत नोंदवली होती हे कागदावर दिसले पाहिजे. म्हणून डीलर आणि कंपनी या दोघांनाही आत्ताच ईमेल करा, आणि त्याच मजकुराचे पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पत्रात आधीच्या प्रत्येक जॉब कार्डचा क्रमांक द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली तर ती कंपनीकडे पाठवली जाते. बऱ्याच वेळा एवढ्याने विभागीय अभियंता हलतो.

त्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. गाडीसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालते. जुन्या कायद्यापेक्षा मोठी सोय म्हणजे आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क 200 रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. काट्याचे चित्रण जोडणार असाल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ चित्रफीत ज्या फोनमध्ये घेतली तो फोन आणि ती फाइल जपून ठेवा.

मागणी काय करायची, याचा विचार मात्र शांतपणे करा. 'नवी गाडी द्या' ही मागणी इथे बहुधा टिकणार नाही. मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे की वॉरंटीची अट सदोष भाग बदलण्याची असेल तर अख्खी गाडी बदलण्याचा आदेश देता येत नाही. याउलट 2022 मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने कायम ठेवला. सुरक्षेच्या यंत्रणेविषयी ग्राहकाची अपेक्षा रास्त होती, टक्कर किती वेगाने झाली याचे भौतिकशास्त्र त्याने मांडत बसण्याची गरज नाही, हा त्यातील विचार होता. तुमचे प्रकरण या दोहोंच्या मध्ये येते. दोष मुळापासून दूर करणे, त्या भागावर नव्याने वॉरंटी, आणि रस्त्यात झालेल्या त्रासाची भरपाई, एवढी मागणी ठाम पुराव्यासह केली तर तिला वजन राहील. 'दोष कुठे आहे' हे दाखवणारे स्वतंत्र तज्ज्ञाचे लेखी मत नसणे ही अशा खटल्यांतील सर्वांत कमकुवत कडी असते, तेव्हा तारयंत्र यांनी सांगितलेली चाचणी लेखी अहवालासह करून घ्या.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आले, आणि 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी सक्तीने परत बोलावण्याचे नियम लागू झाले. विशिष्ट प्रमाणात मालकांनी एकच सुरक्षादोष सरकारकडे नोंदवला तर चौकशी सुरू होऊ शकते. त्यासाठी सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. समाजमाध्यमांवर शेकडो लोक लिहितात आणि पोर्टलवर मात्र मोजकेच नोंदवतात, ही खंत वाटते, कारण मोजणी पोर्टलवरच्या तक्रारींची होते.

हुरॉनकाठ

तळटीप यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. इंधनाच्या काट्यासाठी भारतात गाड्या बोलावल्या जात नाहीत असा समज असेल तर तो खरा नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये मारुती सुझुकीने 39,506 ग्रँड विटारा गाड्या नेमक्या याच कारणासाठी परत बोलावल्या. मीटरमधील इंधनपातळी आणि रिझर्व्हचा दिवा प्रत्यक्ष पातळी बरोबर दाखवत नसण्याची शक्यता होती. त्या गाड्या 9 डिसेंबर 2024 ते 29 एप्रिल 2025 या काळात तयार झाल्या होत्या. त्याच धर्तीवर टोयोटानेही 11,529 हायरायडर गाड्या बोलावल्या. 2018 मध्ये मारुतीच्या सियाझ डिझेलच्या 880 गाड्यांचे स्पीडोमीटर असेंब्ली बदलून दिल्याचेही उदाहरण आहे. पत्रव्यवहारात या घटनांचा उल्लेख जरूर करावा. 'काटा ही किरकोळ बाब आहे' असे कोणी म्हटले तर या उद्योगानेच ती तशी मानलेली नाही हे दाखवता येईल.

रानवाटा

सर्वांचे मनापासून आभार. मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे केले, त्याचा वृत्तान्त देतो.

काटा अर्ध्यावर अडकल्याचे लक्षात येताच गाडी तशीच सर्व्हिस सेंटरला नेली आणि जॉबकार्ड यांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण तक्रार माझ्या शब्दांत लिहून घ्यायला लावली. सुरुवातीला त्यांनी नकार दिला, पण ईमेल आणि पत्राच्या प्रती दाखवल्यावर व्यवस्थापकांनी मान्य केले. विभागीय अभियंता ठरलेल्या दिवशी आला. माझ्या समोर कपलर सोडवून रोध मोजला, गाडी मागून हलवली, पेट्रोल शांत होऊ दिले आणि पुन्हा मोजला. आकडा स्पष्टपणे बदललेला होता, आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे नंतरचा आकडा टाकी जवळजवळ रिकामी असल्याचे सांगत होता. मीटर बदलण्याचा प्रस्ताव तिथेच मागे पडला.

टाकी उतरवल्यावर आतल्या भिंतीवर दांडी घासल्याची लांबट खूण दिसली. त्या जागी टाकीचा आकार किंचित आत दबलेला होता. बाहेरून कुठेही आपटल्याची खूण नव्हती, हे अभियंत्यानेच पाहून जॉब कार्डवर लिहिले. टाकी आणि फ्लोट युनिट दोन्ही वॉरंटीत बदलून मिळाले. त्यानंतर बऱ्याच टाक्या भरल्या आणि रिकाम्या झाल्या, काटा आता अखेरपर्यंत नीट उतरतो.

दोन गोष्टी मात्र मिळालेल्या नाहीत. नव्या टाकीवर वेगळी वॉरंटी मागितली होती, ती 'मूळ गाडीच्या मुदतीएवढीच' असे लेखी उत्तर आले. आणि त्याच साच्यातून निघालेल्या इतर गाड्यांच्या टाक्यांचे काय, या प्रश्नाला उत्तरच आलेले नाही. माझी गाडी दुरुस्त झाली म्हणून तो प्रश्न सोडून द्यावा असे मला वाटत नाही. त्याच मॉडेलमध्ये कोणीतरी आपल्या आईला घेऊन त्याच घाटातून जात असेल.

तळटीप

रानवाटा, अभियंत्याने जॉब कार्डवर लिहिलेले कारण हा तुमच्याकडील सर्वांत मोलाचा कागद आहे, त्याची साक्षांकित प्रत करून ठेवा. टाकी बदलल्यानंतरही मुदतीत दोष परतला तर जुनी तक्रार त्याच धाग्यात पुढे चालू राहते, नवी ठरत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी वाहन पोर्टलवर तक्रार आजच नोंदवा. दुरुस्ती झाली असली तरी नोंदवता येते. चासी क्रमांक, गाडी तयार झाल्याचा महिना, दोषाचे वर्णन आणि 'टाकीची आतील भिंत दबलेली' हे अभियंत्याचे शब्द जसेच्या तसे द्या. चासी क्रमांक इथे उघड लिहू नका. निर्मितीचा महिना आणि दोषाचे वर्णन तेवढे इथे लिहा, म्हणजे ज्यांची गाडी त्याच सुमाराची आहे आणि काटा अर्ध्यावर थांबतो आहे, ते आपापली नोंद पोर्टलवर करू शकतील.

रानवाटा

तक्रार नोंदवली. गाडी फेब्रुवारी महिन्यात तयार झालेली आहे, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. दुरुस्तीपूर्वी काटा अर्ध्यावर अडकत होता आणि आदळल्यावर सुटत होता. असे लक्षण असलेल्यांनी मला निरोप पाठवावा, मी कंपनीला पाठवलेल्या पत्राचा मसुदा देईन.